चहाची पारख : जिभेची साक्ष आणि तिची कसोटी

चहा फिका झाला की कडक, आज जमला की बिघडला, याचा निवाडा भारतातील घराघरांत रोज सकाळी होत असतो. तो करण्यासाठी कोणी शिक्षण घेत नाही, आणि तो चुकला तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु कोलकाता, गुवाहाटी, सिलिगुडी, कोची किंवा कुन्नूर येथे विक्रीस आलेल्या चहाचा जो निवाडा होतो, त्याची गोष्ट निराळी आहे. कोलकात्यास चहाचा पहिला लिलाव १८६१ साली झाला. आज तेथील बोली संगणकावरून लावली जाते. तरीही त्यापूर्वी मालाचा नमुना कोणी तरी मनुष्य आपल्या जिभेवर घेऊन पाहतोच. त्याच्या दोन-चार शब्दांनी मालाचे मोल चढते किंवा उतरते, आणि त्या मोलावर मळ्यातील मजुरांचा व लहान बागायतदारांचा चरितार्थ अवलंबून असतो. भारतातील सुमारे निम्मा चहा आज अशा लहान बागायतदारांच्या पानांपासून तयार होतो.

मग एका माणसाच्या जिभेवर इतका विश्वास टाकावा काय? शास्त्राचे उत्तर असे आहे की, अवश्य टाकावा. मात्र जिभेला इतर कोणत्याही मापनयंत्राप्रमाणे शिस्त लावली पाहिजे, आणि तिच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत.

एक पान, अनेक चहा

पांढरा, हिरवा, ऊलाँग व काळा हे सारे चहा एकाच वनस्पतीच्या कोवळ्या पानांपासून होतात. तिचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत : थंडीत टिकणारा, लहान पानांचा चिनी प्रकार आणि उष्ण, दमट हवेत वाढणारा, मोठ्या पानांचा आसामी प्रकार. दार्जिलिंगच्या डोंगरउतारांवर पहिल्याचे, तर ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात दुसऱ्याचे प्राबल्य आढळते.

चहाच्या रंगांतील भेद मात्र झाडामुळे नव्हे, तर पान खुडल्यानंतरच्या संस्कारांमुळे पडतो. चिरून ठेवलेले वांगे थोड्याच वेळात काळे पडते, हे सर्वांच्या पाहण्यातील आहे. पेशी फाटल्या की त्यांतील विकर हवेतील प्राणवायूच्या साह्याने रंगहीन द्रव्यांचे रंगीत द्रव्यांत रूपांतर करते. चहाचे पान चुरगळले असता हेच घडते. हिरव्या चहासाठी पान आरंभीच वाफेने किंवा कढईत तापवून विकर निकामी करतात. काळ्या चहासाठी पान सुकवून, चुरगळून हवेत पसरतात आणि विकराला आपले काम पुरते करू देतात. ऊलाँग चहात ही क्रिया मध्येच थांबविली जाते. या क्रियेला आंबवणे म्हणण्याचा प्रघात आहे. पण आंबवण्यास लागणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तिच्याशी संबंध नसतो.

महाराष्ट्रातील परसात वाढणारा गवती चहा या कुळातला नव्हे. तो नावाप्रमाणे गवतच आहे. तुळस, आले, पुदिना, लाल अंबाडीची बोंडे यांचे काढेही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चहा नव्हेत. चहात कॅफीन असते; या वनस्पतींत ते नसते.

परीक्षकाचे टेबल

चहाच्या परीक्षकाचे टेबल पाहणाऱ्यास प्रथम जाणवतो तो त्यावरील एकसारखेपणा. पांढऱ्या चिनी मातीची एकाच आकाराची झाकणदार पात्रे रांगेने मांडलेली असतात. प्रत्येकासमोर एक वाटी आणि बशीत कोरडा चहा असतो. पात्रे पांढरीच असतात, कारण रंगीत पात्रात अर्काचा रंग फसवा दिसतो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० साली या कामाची पद्धत ठरवून दिली. दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम चहा घ्यावयाचा, झाकण लावून तो ६ मिनिटे मुरू द्यावयाचा आणि मग अर्क वाटीत निथळावयाचा. असा कोरा चहा कित्येकांस फार कडक लागेल. परंतु रुचकर चहा करणे हा या पद्धतीचा हेतूच नव्हे. दोन नमुन्यांत भेद आढळला तर तो चहाचाच असावा. पाण्याचा, वेळेचा वा मापाचा नसावा, एवढाच तिचा हेतू आहे.

पाण्याला येथे मोठे महत्त्व आहे. जड पाण्यातील कॅल्शियमची व बायकार्बोनेटची चहातील द्रव्यांशी क्रिया होऊन अर्कावर तवंग येतो व रंग मंद होतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंश सेल्सिअसने उतरतो. त्यामुळे २,००० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांवरच उकळते. म्हणून एका गावी मुरवलेल्या चहाची दुसऱ्या गावच्या चहाशी तुलना करणे न्याय्य ठरत नाही. सर्व नमुने एकाच पाण्यात, एकाच वेळी केले पाहिजेत.

अर्क निथळल्यावर परीक्षक ओल्या चोथ्याचा वास घेतो, त्याचा रंग पाहतो आणि चमचाभर अर्क मोठा भुरका मारून तोंडात घेतो. क्षणभर तो घोळवून थुंकून टाकतो आणि पुढच्या वाटीकडे वळतो. पंक्तीत असा भुरका मारणे अशिष्ट ठरेल. परीक्षकाला मात्र तो आवश्यक असतो. भुरक्याबरोबर हवा आत जाते, अर्काचे तुषार होतात आणि त्यांतील सुगंधी द्रव्ये घशामागील वाटेने नाकापर्यंत पोहोचतात.

जीभ काय सांगते, नाक काय सांगते

जिभेला मूलतः गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी उमामी अशा पाच चवी कळतात. जिभेच्या टोकाला गोड व मुळाशी कडू कळते, असा नकाशा पूर्वी अनेक पुस्तकांत छापला जाई. तो चुकीचा ठरला आहे. रुचिकलिका असलेल्या सर्व भागांत सर्व चवी कळतात. चहाचा कडूपणा पुष्कळसा कॅफीनचा व कॅटेचिन नावाच्या द्रव्यांचा असतो. हिरव्या चहातील उमामीत थिॲनीन या अमिनो आम्लाचा वाटा असतो. चहाने तोंडाला येणारा तुरटपणा ही मात्र केवळ चव नव्हे. चहातील द्रव्ये लाळेतील प्रथिनांशी जखडली जातात, लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो आणि तोंड आखडल्यासारखे वाटते. तुरटपणा हा मुख्यतः एक प्रकारचा स्पर्श आहे.

काळ्या चहाला ‘तेजस्वी’ किंवा ‘तरतरीत’ म्हणणारा परीक्षक नेमके काय ओळखत असतो, या प्रश्नावर आसामातील जोरहाटजवळच्या टोकलाई संशोधन केंद्रात महत्त्वाचे काम झाले. १९११ साली स्थापन झालेल्या या केंद्रातील ई. ए. एच. रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात काळ्या चहातील रंगद्रव्यांचे पृथक्करण केले. थिॲफ्लॅव्हिन नावाची सोनेरी-नारिंगी द्रव्ये चहाला तेज व तरतरी देतात; थिॲरुबिजिन नावाची तांबूस-तपकिरी द्रव्ये त्याला गडद रंग व भरीवपणा देतात. पान हवेत फार वेळ राहिले तर पहिली घटतात, आणि चहा गडद पण निस्तेज होतो. चांगला कडक चहा निवल्यावर गढूळ होतो, हेही परीक्षक फार पूर्वीपासून जाणत होते. थिॲफ्लॅव्हिन व कॅफीन यांच्या संयोगाने तो गढूळपणा येतो, हे रसायनशास्त्राने पुढे दाखवून दिले. जिभेने अनुभवाने जे ओळखले, त्याचे कारण प्रयोगशाळेने सांगितले.

चहांतील सूक्ष्म भेद मात्र बहुतेक नाकाचेच असतात. नाक चिमटीत धरून दार्जिलिंग व आसाम यांचे घोट घेतले तर कडू-तुरटपणातील थोडा फरक तेवढा उरतो. नाक सोडताच फुलांचा किंवा माल्टचा गंध एकदम प्रकट होतो. दार्जिलिंगच्या मे-जूनमधील दुसऱ्या फुटव्याला मस्कत जातीच्या द्राक्षांसारखा जो ख्यातनाम गंध येतो, त्याला तुडतुड्यांसारखे इवलेसे कीटक कारण होतात. ते कोवळ्या पानांतील रस शोषतात, झाड प्रतिकारासाठी विशिष्ट सुगंधी द्रव्ये निर्माण करते आणि तीच पुढे चहात उतरतात. तैवानमधील एका नामांकित ऊलाँग चहाच्या गंधामागेही हेच कारण आहे.

काढ्यांची तुलना

वनस्पतींच्या काढ्यांची पारख करताना प्रथम हे पाहावे लागते की, त्यांचा गुण कोणत्या प्रकारच्या द्रव्यात आहे. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रलचा असतो. काही तुळशींचा लवंगेची आठवण करून देणारा वास युजेनॉलचा असतो. ही द्रव्ये वाफेबरोबर उडून जातात. म्हणून ती पाने फार उकळू नयेत, झाकण ठेवून मुरू द्यावीत. आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलचा असतो. तो उकळल्याने उतरतो. आले वाळून सुंठ होताना जिंजेरॉलपासून शोगॉल हे अधिक तिखट द्रव्य बनते, म्हणून सुंठेचा काढा घशाला अधिक झोंबतो. हा तिखटपणाही चव नव्हे. उष्णतेची व दाहाची जाणीव करून देणारे मज्जातंतूच त्याने चेतवले जातात.

आपल्या नेहमीच्या पुदिन्याचा गंध कार्व्होन या द्रव्याचा असतो. बाळंतशेपेच्या, म्हणजे शेपूच्या बियांच्या, गंधातही कार्व्होनच असते. दोन्हींचे अणू सारखेच, मात्र त्यांची रचना उजव्या व डाव्या हाताप्रमाणे एकमेकींचे प्रतिबिंब असते. तराजूला किंवा थर्मामीटरला हा भेद कळणार नाही. नाकाला तो तत्काळ कळतो. लाल अंबाडीच्या काढ्याचा रंग अँथोसायनिन द्रव्यांचा असतो. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की लाल रंग पालटतो. कोऱ्या चहात लिंबू पिळले तर तो फिकट होतो. म्हणून केवळ गडद रंग पाहून पेयाच्या गुणाचा निर्णय करणे घाईचे ठरते.

नावाचा मोह आणि आठ पेले

जीभ व नाक इतकी तीक्ष्ण असली, तरी त्यांचा धनी सहज फसतो. वाटीवर नामांकित बागेचे नाव दिसले की तोच चहा अधिक सुगंधी लागतो. यासाठी परीक्षा करणाऱ्यापासून नमुन्याचे नाव लपविणे आवश्यक असते.

या विचाराला गणिताचे अधिष्ठान देणारे उदाहरणही चहाचेच आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषिसंशोधन केंद्रात १९२०च्या दशकात काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथात एक प्रश्न चर्चिला. पेल्यात दूध आधी घातले की चहा आधी, हे आपण चवीवरून ओळखतो असे एक बाई म्हणतात; ते कसे पडताळावे? फिशर यांनी आठ पेले सुचविले. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरविलेला. आठांतून चार निवडण्याच्या ७० रीती असतात. म्हणून केवळ अंदाजाने सर्व पेले अचूक सांगण्याचा संभव ७०त १ एवढाच उरतो. परंतु चारांपैकी एक पेला चुकीचा निवडला गेला, तर? तशा रीती १६ आहेत. म्हणजे इतके किंवा याहून चांगले यश निव्वळ नशिबाने मिळण्याचा संभव ७०त १७, जवळजवळ चौथा हिस्सा होतो. एवढ्या पुराव्यावर दावा मान्य करता येत नाही.

शाळेत याहून सोपी परीक्षा करता येईल. तीन एकसारख्या वाट्या घ्याव्यात. दोहोंत एक चहा आणि तिसरीत दुसरा घालावा. वेगळी वाटी ओळखण्यास सांगावे. अंदाजाने ती ओळखण्याचा संभव एकतृतीयांश असतो. लागोपाठ पाच वेळा ती अंदाजाने ओळखण्याचा संभव २४३त १ एवढाच असतो. वाट्या भरणारा विद्यार्थी निराळा असावा आणि चव घेणाऱ्यास त्याचा चेहरा दिसू नये. कारण चेहराही उत्तर सांगून जातो.

साक्षीची मर्यादा

अशी शिस्त लावलेली जीभ मोठी विश्वासू साक्षीदार ठरते. कोलकात्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने चहाचा गंध पारखणारे इलेक्ट्रॉनिक नाक तयार केले, तेव्हा त्याला शिकविण्यासाठी अनुभवी परीक्षकांनी दिलेले गुणच प्रमाण मानावे लागले. यंत्र न थकता काम करते. परंतु चांगला चहा कोणता, हे त्याला प्रथम माणसानेच सांगावे लागते.

मात्र साक्षीदाराला जे दिसलेच नाही, ते त्याला विचारू नये. पानांवर उरलेले कीटकनाशक किंवा त्यांतील शिशाचा अंश जिभेला कळत नाही. त्यासाठी रासायनिक पृथक्करणच हवे. एखादा काढा कडू आहे म्हणून तो गुणकारी ठरत नाही, आणि सुगंधी आहे म्हणून निर्धोकही ठरत नाही. औषधी गुणाचा निर्णय रुग्णांवरील पद्धतशीर परीक्षेनेच होऊ शकतो. चहाच्या टेबलावर जिभेला जो नियम लागू आहे, तोच ज्ञानाच्या इतर प्रांतांतही लागू पडतो : प्रश्न नेमका असावा, तुलना समान असावी, नाव झाकलेले असावे आणि उत्तर पुराव्याहून एक पाऊलही पुढे जाऊ नये. एवढे पाळले म्हणजे दूरच्या डोंगरावर पाने खुडणाऱ्या हातांना त्यांच्या श्रमाचे रास्त मोल मिळण्याची शक्यताही वाढते.