पैसे घेणाऱ्यास पिन कशाला?

घरातील जुने कपाट किंवा मुलांचा पाळणा विकावयाचा म्हणून मोबाइलवर जाहिरात द्यावी, तो घटकाभरात गिऱ्हाइकाचा फोन येतो. हे गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही. वस्तू पाहावयासही येत नाही. आपण फौजेत आहोत, नुकतीच बदली झाली आहे, असे सांगून ते ओळखपत्राचे चित्र धाडते. जुन्या बाजारात न पाहता पूर्ण किंमत मोजणारा ग्राहक कोणी पाहिला आहे काय? पण विकणाऱ्यास घाई असते. मग एक क्यूआर कोड येतो आणि सूचना मिळते, 'हा स्कॅन करून पिन घाला, म्हणजे रक्कम आपल्या खात्यात जमा होईल.'

मेख येथेच आहे. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत पिन म्हणजे चेकवरील सहीच. आपल्या खात्यातून पैसे देण्यास दिलेली ती संमती होय. पैसे घेणाऱ्यास स्कॅन करावे लागत नाही आणि पिनही घालावा लागत नाही. विक्रेता मात्र स्वतःस घेणारा समजत असतो, म्हणून पिन घालताच आपण देणारे झालो हे त्याच्या ध्यानी येत नाही. कित्येकदा आधी एक रुपया खरोखरच पाठवून त्याची शंका फेडलेली असते.

'चुकून जास्त रक्कम गेली, परत करा' असा निरोप आल्यास आलेल्या संदेशावर न विसंबता बँकेतील शिल्लकच पाहावी. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे; रक्कम पुढील खात्यातून काढली जाण्यापूर्वीच ती गोठविता येते.