जुना फ्लॉपी ड्राइव्ह, नवा कमोडोर: बिघाड नेमका शोधायचा कुठे?

तंत्रज्ञानाच्या या भागात आज एका जुन्या यंत्राची आणि एका नव्या यंत्राची गाठ घालून द्यायची आहे. जुनं यंत्र म्हणजे कमोडोर १५४१ हा सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह. नवं म्हणजे कमोडोर ६४ या संगणकाची आजच्या काळात बनवलेली प्रतिकृती. दोघांना केबलनं जोडलं आणि ड्राइव्ह काही बोलेना, तर काय करायचं?

आता हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. कमोडोर ६४ आला १९८२ साली. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या आपल्यापैकी काही घरांत तोच पहिला संगणक होता. तळघरात किंवा माळ्यावर त्या काळच्या फ्लॉपींचा एखादा डबा अजून असेल. त्यात घरखर्चाचे हिशेब असतील, मुलांनी लिहिलेले बेसिकचे प्रोग्राम असतील, मंडळाच्या सभासदांची यादी असेल, रोमन अक्षरांत मराठी टाइप करून घरी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती असतील. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर चाळीस वर्षांत म्हातारा होतो. काही फ्लॉपी अजून एकदा वाचता येतील, दुसऱ्यांदा येतीलच असं नाही. म्हणून घाई न करता, क्रमानं तपासायचं.

प्रतिकृती कोणती, हे आधी बघा

बाजारात दोन तऱ्हेच्या प्रतिकृती आहेत. ‘द सी ६४’ नावाचा, २०१९ साली पूर्ण आकारात आलेला संगणक दिसतो हुबेहूब, पण त्याच्या पाठीमागे फ्लॉपी ड्राइव्हची जुनी सहा पिनांची खाच नाही, फक्त यूएसबी आहे. त्याला खरा १५४१ थेट जोडताच येत नाही. तिथे बिघाड शोधण्यात वेळ घालवू नका. ‘अल्टिमेट ६४’सारखा बोर्ड मात्र एफपीजीए चिपवर जुन्या संगणकाचं सर्किटच नव्यानं उभं करतो आणि त्याला ती सहा पिनांची खाच असते. आजचं बोलणं या दुसऱ्या तऱ्हेबद्दल.

पायरी पहिली: वीज

जुन्या १५४१च्या पोटातच ट्रान्सफॉर्मर असतो. अमेरिकेतला ड्राइव्ह ११० ते १२० व्होल्टचा, इंग्लंड आणि भारतातला २२० ते २४० व्होल्टचा. देश बदलताना सामानाबरोबर आलेला ड्राइव्ह असेल, तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. नुसता प्लगचा आकार बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. आणि झाकण उघडायचं असेल तर प्लग आधी काढा, कारण आत घरातली पूर्ण वीज येते. ज्यांना या कामाची सवय नाही त्यांनी झाकण उघडूच नये.

पुठ्ठ्याचा एखादा तुकडा फ्लॉपीच्या फटीत अडकवलेला असेल तर तो काढा. वाहतुकीत हेड हलू नये म्हणून तो घालून ठेवत. मग फ्लॉपी न घालता, केबल न जोडता, नुसता ड्राइव्ह सुरू करा. विजेचा दिवा लागला पाहिजे. दुसरा, कामाचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे आणि मोटर थोडी फिरून थांबली पाहिजे. असं झालं तर ड्राइव्हचा मेंदू जागा आहे. मेंदू म्हणतोय ते अलंकार म्हणून नव्हे. या ड्राइव्हमध्ये स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि २ किलोबाइट मेमरी आहे. तो एक छोटा संगणकच आहे.

मोटर थांबतच नाही आणि दिवा विझतच नाही, तर दोष ड्राइव्हच्या आतल्या चिपमध्ये किंवा वीजपुरवठ्यात आहे. दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तसाच लुकलुकतो, तर ड्राइव्हनं स्वतःची तपासणी केली आणि त्यात तो नापास झाला. दोन्ही बाबतींत केबल बदलून उपयोग नाही, दुरुस्ती करणाऱ्याकडेच जावं लागेल.

पायरी दुसरी: केबल

केबल लावताना आणि काढताना दोन्ही यंत्रं बंद हवीत. चालू यंत्रात केबल खुपसल्यामुळे पोर्टमागच्या चिप जळू शकतात. ड्राइव्हच्या मागे एकसारख्या दोन खाचा असतात, कुठलीही चालते. दुसरी खाच पुढचा ड्राइव्ह किंवा प्रिंटर जोडण्यासाठी असते.

आता एक सोपी चाचणी. ड्राइव्ह चालू ठेवा आणि संगणक रीसेट करा. त्या क्षणी ड्राइव्हची मोटरही थोडी फिरली पाहिजे, कारण रीसेटचा इशारा त्याच केबलमधून जातो. ड्राइव्ह ढिम्म राहिला तर केबल किंवा खाच बघा. पिनांवर काळपटपणा असेल तर पुसा, केबल दोन-चार वेळा काढून घाला, शक्य असेल तर दुसरी केबल लावून बघा.

पायरी तिसरी: एकाच नंबरचे दोघं

बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. ज्या मार्गानं संगणक आणि ड्राइव्ह बोलतात त्याला बस म्हणतात. ही बस म्हणजे आपली एसटी नव्हे, पण सीटचा नियम तोच: एका नंबरवर एकच प्रवासी. कमोडोरच्या पहिल्या ड्राइव्हचा नंबर कारखान्यातूनच ८ असतो. प्रतिकृतीच्या आत मात्र एक आभासी ड्राइव्ह आधीपासून बसलेला असतो आणि त्याचाही नंबर ८ असतो. संगणकानं आठ नंबरला हाक मारली की दोघं एकदम ‘ओ’ देतात. मग कधी यंत्र गोठतं, कधी भलतंच काही दिसतं, कधी आभासी ड्राइव्ह उत्तर देतो आणि आपण समजतो की खरा चालतोय.

उपाय सोपा आहे. प्रतिकृतीच्या मेनूमध्ये ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन आभासी ड्राइव्ह तूर्त बंद करा. दुसरा आभासी ड्राइव्ह किंवा प्रिंटर चालू असेल तर तोही बंद करा. बसवर एकटा खरा ड्राइव्ह उरू द्या. १५४१-टू या पुढच्या मॉडेलला मागे छोटे खटके असतात, त्यांनी नंबर ८ ते ११पैकी कुठलाही ठेवता येतो. तुमचा ड्राइव्ह तो असेल तर खटके कसे आहेत तेही बघून घ्या. आधीच्या मालकानं नंबर ९ करून ठेवला असेल, तर आठला हाक मारून उपयोग नाही.

पायरी चौथी: ड्राइव्हलाच विचारा

फ्लॉपी न घालता संगणक रीसेट करा आणि या चार ओळी टाइप करा. इथे मराठी लिपीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.

१० ओपन १५,८,१५
२० इनपुट#१५,ए,बी$,सी,डी
३० प्रिंट ए;बी$;सी;डी
४० क्लोज १५

मग रन. पडद्यावर ७३ हा आकडा आणि त्यापुढे ‘सीबीएम डॉस’ असं ड्राइव्हचं नाव आलं, तर वीज, केबल, नंबर आणि ड्राइव्हचा मेंदू, सगळं ठीक आहे. म्हणजे अर्धा शोध संपला. आता दोष राहिला तर तो हेडचा, यंत्रणेचा किंवा फ्लॉपीचा. उलट ‘डिव्हाइस नॉट प्रेझेंट’ आलं, तर मागच्या पायऱ्यांवर परत जा. हेडला हात लावू नका.

पायरी पाचवी: वेग

कमोडोर ६४मध्ये ड्राइव्हशी बोलण्याचं काम प्रोसेसर स्वतः करतो. एकेक बिट मोजून मापून, ठरलेल्या क्षणी पाठवतो. त्यासाठी प्रोसेसर साधारण एक मेगाहर्ट्झ या मूळ गतीनंच चालायला हवा. प्रतिकृतीतला टर्बो चालू असेल तर हे गणित बिघडतं. टर्बो बंद करा. फास्ट लोडर कार्ट्रिज असेल तर तेही काढा.

दुसरं एक, खास आपल्यासारख्या देश बदललेल्यांसाठी. अमेरिकेतला कमोडोर एनटीएससी पद्धतीचा, इंग्लंड-युरोपातला पाल पद्धतीचा, आणि दोघांच्या प्रोसेसरची गती किंचित वेगळी. अमेरिकेत घेतलेला एखादा गेम पालवर अर्ध्यात अडकला, तर फ्लॉपी खराब झाली असं लगेच समजू नका. प्रतिकृतीत ही पद्धत बदलता येते, बदलून बघा.

पायरी सहावी: हेड आणि फ्लॉपी

इथे सर्वांत जास्त जपायचं. घरातली एकुलती एक महत्त्वाची फ्लॉपी पहिली घालायची नाही. आधी हेड स्वच्छ करा. कापसाच्या काडीवर नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, हेडवर हलक्या हातानं फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. मग ज्यात काही महत्त्वाचं नाही अशी फ्लॉपी घालून तपासा.

प्रत्येक फ्लॉपी घालण्याआधी उजेडात धरा. लांबट खिडकीतून थर दिसतो. मधलं भोक बोटांनी हळू फिरवत सगळा थर बघा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. रेघा म्हणजे थर खरवडला गेलाय. अशी फ्लॉपी घातली की तिची घाण हेडला लागते आणि पुढची चांगली फ्लॉपी हेड खरवडतं. एका आजारी फ्लॉपीपायी सगळा डबा जाऊ शकतो. फिरताना किंकाळीसारखा आवाज आला तर त्या क्षणी बाहेर काढा.

फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असते. ती चिकटपट्टीनं झाका, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. नंतरच्या साडेतीन इंची फ्लॉपीत हा नियम उलटा होता, तिथे भोक उघडं म्हणजे संरक्षण. त्यामुळे गल्लत होते.

आता फ्लॉपी घालून यादी मागवा: लोड, दुहेरी अवतरणात डॉलरची खूण, स्वल्पविराम, आठ. मग लिस्ट. यादी आली तर उत्तम. दिवा लुकलुकू लागला तर वरचा चार ओळींचा प्रोग्राम आता चालवा, मात्र रीसेट न करता. लोड केलेलं काही मेमरीत असेल तर आधी न्यू म्हणा. २१ आला तर ड्राइव्हला फ्लॉपीवर वाचण्याजोग्या खुणाच सापडत नाहीत: फ्लॉपी नीट बसलेली नाही, कोरी आहे, दुसऱ्या जातीच्या संगणकाची आहे किंवा हेड काम करत नाही. २३ म्हणजे मजकूर वाचला, पण बेरीज जुळली नाही, तो भाग खराब आहे. ६२ म्हणजे फाइलचं नाव चुकलं. शेवटचे दोन आकडे कुठल्या ट्रॅकवर, कुठल्या सेक्टरवर गाडं अडलं ते सांगतात. चुका एकाच ट्रॅकवर असतील तर फ्लॉपीवर संशय घ्या. प्रत्येक फ्लॉपीवर, सगळीकडे असतील तर ड्राइव्हवर.

पायरी सातवी: हेडची जागा

फ्लॉपी घातल्यावर कधीकधी खडखडाट होतो, त्याला घाबरू नका. १५४१ला पहिला ट्रॅक ओळखणारा सेन्सर नाही. म्हणून तो हेडला मागे ढकलत ढकलत अडसरावर आपटतो. पण वर्षानुवर्षं आपटून हेडची जागा सरकते. ओळखायचं कसं? ड्राइव्ह स्वतः लिहिलेली फ्लॉपी बिनचूक वाचतो, पण दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिलेल्या वाचत नाही. असं असेल तर लक्षात घ्या, तुमच्या जुन्या फ्लॉपी त्याच सरकलेल्या ड्राइव्हवर लिहिल्या असतील, तर त्या फक्त तोच वाचेल. अशा वेळी दुरुस्तीआधी त्या उतरवून घ्या. हेड जागेवर आणलं की मग त्याच फ्लॉपी वाचायला नाकारेल.

तासभर चालून ड्राइव्ह चुका करू लागला, तर तो तापलाय. ट्रान्सफॉर्मर आतच असल्यानं हे होतं. बंद करा, निवू द्या.

आणि शेवटी, उतरवून घ्या

फ्लॉपी वाचली गेली की काम संपलं असं नाही, तिथे ते सुरू होतं. आता आभासी ड्राइव्ह पुन्हा चालू करा, पण नंबर ९ देऊन. त्यात यूएसबी स्टिकवरची कोरी आभासी फ्लॉपी घाला आणि कॉपी प्रोग्रामनं आठवरून नऊवर सगळी फ्लॉपी उतरवा. मघाशी भांडणारे दोघं आता एकमेकांच्या कामी येतात. एका बाजूचे ६८३ सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइट, म्हणजे जेमतेम १७५ हजार बाइटची फाइल होते. ती लॅपटॉपवर व्हाइस या मोफत प्रोग्राममध्ये उघडते. पत्रांची अक्षरं लहान-मोठी उलटी दिसली तर घाबरू नका, कमोडोरची अक्षरसंहिता वेगळी आहे, ती बदलून घेता येते.

प्रत्येक फाइलला फ्लॉपीच्या चिठ्ठीवर आहे तेच नाव द्या, दोन ठिकाणी ठेवा आणि घरातल्या धाकट्यांनाही एक प्रत द्या. डबा उघडलात आणि कुठे अडलात, तर शेवटचे चार आकडे लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. त्यावर पुढच्या भागात बोलू. तोवर नमस्कार.