डोळ्यांतील भिंग आणि त्याची निगा

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली नागपूर, चंद्रपूर, पुणे अशा शहरांत पुढील शिक्षणासाठी जातात. त्यांच्याबरोबर येथील शिस्त, वाचनाची सवय आणि थोडीबहुत धिटाई जाते. काही गोष्टी मात्र सांगावयाच्या राहून जातात. त्यांपैकी एकीविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आमची एक माजी विद्यार्थिनी सुट्टीत भेटावयास आली. वर्गात पहिल्या बाकावर चष्मा लावून बसणारी ही मुलगी. नागपुरात शिकत असताना मैत्रिणींच्या आग्रहावरून तिने चष्मा बाजूला ठेवून कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. त्या घालाव्या कशा हे तिला दुकानात दाखविले गेले. जपाव्या कशा हे कोणी नीट सांगितले नाही आणि संकोचाने तिनेही विचारले नाही. लेन्सचे द्रावण महाग, म्हणून महिनाअखेरीस ती डबी आणि कधी लेन्सही नळाच्या पाण्याने धूत असे. अभ्यास करता करता लेन्स न काढताच झोप लागे. एके दिवशी उजवा डोळा लाल झाला. औषधाच्या दुकानातून थेंब आणले. दोन दिवस बरे वाटले, मग उजेड सहन होईना. नेत्रतज्ज्ञांपर्यंत पोहोचेतो आठवडा उलटला होता. डोळा वाचला, पण बुबुळावर कायमचे फूल पडले. आज त्या डोळ्याने तिला पुस्तकातील अक्षर दिसत नाही. हा दोष तिच्या एकटीचा नाही. जे आम्ही शिकविले नाही, त्याचाही आहे. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

डोळ्याच्या काळ्या भागावर, घड्याळावर काच असावी तसा, एक पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर तो पारदर्शक राहिला नसता. त्यामुळे त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामार्गे मिळतो. पारपटलावरील पेशींचा वरचा थर हाच त्याचा पहारेकरी. तो शाबूत असेतो बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. त्यावर ओरखडा उठला आणि जंतू आत गेले, की व्रण होतो. औषधाने व्रण भरतो, पण भरताना मागे पांढरा डाग ठेवू शकतो. यालाच आपण फूल पडणे म्हणतो.

लेन्स नेमकी या पडद्यावर बसते. काचेची पहिली लेन्स १८८८ च्या सुमारास जर्मन नेत्रवैद्य अडॉल्फ फिक यांनी पुढे आणली. आजच्या मऊ लेन्सचे जनक चेकोस्लोव्हाकियाचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले. १९६१ च्या नाताळात त्यांनी मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग जोडून घरीच यंत्र बनविले आणि त्यावर मऊ लेन्स घडविल्या. मऊ लेन्सचा पदार्थ पाणी शोषून धरतो, म्हणून ती डोळ्याला सुखावह वाटते. धोकाही तेथेच आहे. अस्वच्छ बोट, मळकी डबी किंवा पाणी यांतील जंतू लेन्सला चिकटतात आणि तासन् तास पारपटलावर टेकून राहतात. झोपेत पापण्या मिटल्या, की प्राणवायू आधीच कमी मिळतो. लेन्स असेल तर आणखी कमी. पहारेकरी थर अशा वेळी दुबळा होतो. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील १९८९ च्या एका पाहणीत, मऊ लेन्स केवळ दिवसा वापरणाऱ्या दर १०,००० व्यक्तींमागे वर्षाला सुमारे ४ जणांना व्रण झाल्याचे आढळले. रात्रीही ठेवता येणाऱ्या मऊ लेन्स वापरणाऱ्यांत हाच आकडा सुमारे २१ होता. म्हणजे लेन्स ही वस्तू वाईट नाही. तिच्या वापरात निष्काळजीपणा नको.

पाण्याविषयी विशेष सांगावयास हवे. अकँथामीबा नावाचा एकपेशीय जीव नळ, विहीर, तलाव आणि माती या सर्वांत आढळतो. संकटकाळी तो स्वतःभोवती टणक कवच तयार करतो आणि पाण्यातील क्लोरीनलाही दाद देत नाही. तो पारपटलात शिरला, तर असह्य वेदना होतात आणि उपचार अनेक महिने चालतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांत हा रोग वाढला, तेव्हा मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच द्रावण बनविण्याची सवय त्यामागे असल्याचे दिसून आले. तात्पर्य, पिण्यास योग्य असलेले पाणी लेन्ससाठी योग्य नसते. उकळलेले नाही, गाळलेले नाही, बाटलीतलेही नाही.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे एक नोंद करावीशी वाटते. विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंच्या डोळ्यांच्या विकारावर अंजनाची अनुज्ञा दिल्याचा प्रसंग आहे. अंजन उघड्या भांड्यात ठेवल्याने त्यात गवताचे कण व धूळ पडू लागली, तेव्हा भगवंतांनी डबीची अनुज्ञा दिली. डबी उघडी राहू लागली, तेव्हा झाकणाची. बोटाने अंजन घालताना डोळे दुखू लागले, तेव्हा सळईची. डोळ्यात जे जाते ते झाकलेले असावे आणि तेथे बोटाचा उपद्रव नसावा, हा विवेक आपल्या परंपरेत इतका जुना आहे.

आता प्रत्यक्ष आचरण. लेन्स नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करूनच घ्यावी. हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. लेन्स काढल्यावर तळहातावर ठेवून ताज्या द्रावणाने हलके चोळावी, पुन्हा द्रावणानेच धुवावी आणि डबीत नवे द्रावण घालावे. कालच्या द्रावणात भर घालू नये. सकाळी डबी रिकामी करून द्रावणाने विसळावी आणि पालथी घालून वाळू द्यावी. दर तीन महिन्यांनी ती बदलावी. लेन्स घालून झोपू नये, आंघोळ करू नये, नदी-तलावात उतरू नये. मुदत संपलेली लेन्स टाकून द्यावी. स्नेहसंमेलनासाठी किंवा नाटकासाठी रंगीत लेन्स एकीने दुसरीला देणे, हा तर उघड धोका आहे.

डोळा लाल झाला, दुखला, पाणी वाहू लागले, उजेड टोचू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी, पुन्हा घालू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. लेन्स व डबी बरोबर न्यावी; तपासणीत त्यांचा उपयोग होतो. दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास लाली तात्पुरती उतरते आणि आत रोग मात्र फोफावतो.

आमच्या पालकांपैकी बहुतेकांनी लेन्स पाहिलीही नसेल. पण पारपटल त्यांनाही आहे. धानाच्या कापणीत आणि मळणीत कुसळ किंवा पाते डोळ्याला लागते आणि त्याबरोबर बुरशी आत जाते. नेपाळमधील भक्तपूर येथे गावच्या आरोग्यसेवकांनी असे ओरखडे झालेल्या ४४२ डोळ्यांना जंतुनाशक मलम तीन दिवस लावले. त्यांपैकी ४२४ डोळे संसर्गाविना बरे झाले. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत जे आले, ते तर सर्वच बरे झाले. डोळ्यात दूध सोडणे किंवा जिभेने कण काढणे टाळून लगेच दवाखान्यात गेले, तर किती वाचते, हे यावरून कळावे.

शेवटी एक गोष्ट मुलींसाठी. चष्म्याची लाज वाटून कोणी लेन्सकडे वळू नये. बाबासाहेबांची जी तसबीर आपल्या घराघरात आहे, तिच्यात त्यांच्या डोळ्यांवर चष्मा आहे आणि त्याने त्यांच्या तेजात काही उणे आलेले नाही. लेन्स हवी असेल तर जरूर घ्यावी. द्रावणाचा खर्च परवडत नसेल, तर त्या महिन्यात चष्मा लावावा.

आमची ती विद्यार्थिनी निघताना म्हणाली, "सर, बारावीच्या मुलींना हे दरवर्षी सांगत जा." तेव्हापासून निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी एक तास या विषयासाठी राखून ठेवतो. जे त्या तासाला नव्हते, त्यांच्यासाठी हा लेख.