टेबलावरची आगगाडी आणि डोंगरातली आगगाडी

आपल्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. तरीही डोंगरातली रेल्वे कशी असते याची कल्पना आपल्या स्टेशनात उभे राहून येणे कठीण. मुंबईची आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली ती वऱ्हाडच्या काळ्या सपाटीवरून. बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जाताना तिला घाट लागत नाही की बोगदा लागत नाही. कापसाच्या शेतांमधून रूळ दोरी धरल्यासारखे चालले आहेत.

आता एखाद्या घरी मुलांनी, किंवा खरे सांगावयाचे तर मुलांच्या वडिलांनी, टेबलावर मांडलेली छोटी आगगाडी पाहा. हातभर जागेत तिला डोंगर असतो, बोगदा असतो, आणि मघाशी ज्या रुळावरून ती गेली त्याच रुळावर बांधलेल्या पुलावरून ती पुन्हा जाते. पाहणारा हसून म्हणतो, "अशी गाडी जगात कुठे असते काय?" आमचे म्हणणे असे की असते, आणि आपल्या अमरावती-अकोल्याच्या सरहद्दीवरच होती. शिवाय टेबलावर मांडणाऱ्याने आणि डोंगरात रूळ टाकणाऱ्या इंजिनिअराने जे केले त्याचे कारणही एकच आहे. दोघांनाही जागा अपुरी होती.

अडचण कुठे येते ते पाहू. पोलादी चाक पोलादी रुळावर फार थोड्या घर्षणाने फिरते. म्हणूनच एक इंजिन एवढ्या डब्यांची माळ ओढू शकते; पण चढ लागला की हाच गुण दोष होतो आणि चाक जागच्या जागी घसरू लागते. आपली भरली बैलगाडी जी चढण हसत चढेल ती आगगाडीला चढवत नाही. शंभर फूट चालावे तेव्हा एक फूट वर जावे, हा 'शंभरात एक' चढसुद्धा मालगाडीला जाणवतो. या हिशेबाने शंभर फूट उंच जावयाचे तर दहा हजार फूट, म्हणजे जवळजवळ दोन मैल रूळ हवा. डोंगर तर समोर भिंतीसारखा उभा. मग हा दोन मैलांचा रूळ ठेवावयाचा कुठे? त्याची घडी घालणे, हाच उपाय.

घडी घालण्याची एक रीत बोरघाटात झाली. १८६३ साली तो घाट खुला झाला तेव्हा चढ सदतिसात एक होता, आणि मध्ये एका ठिकाणी गाडी डोंगराच्या कडेला जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास लावीत आणि गाडी उलट्या तोंडाने पुढची चढण धरी. १९२९ पर्यंत हा प्रकार चालला. काम भागे, पण वेळ फार मोडे.

दुसरी रीत अधिक देखणी. मराठी चारचा आकडा काढताना लेखणी जशी वळसा घेऊन आपलीच रेघ ओलांडते, तसा रूळ वळसा घेऊन आपल्याच वरून न्यावयाचा. टेबलावरच्या गाडीत याचा हिशेब सोपा आहे. वळणाची त्रिज्या अठरा इंच धरली तर एका फेऱ्यात सुमारे ११३ इंच रूळ बसतो. तिसात एक चढ दिला तर फेरा पुरा होताना गाडी पावणेचार इंच वर आलेली असते, आणि खालून दुसरी गाडी सुखाने जाते. मोठ्या गाडीसाठी इंचांच्या जागी फूट घालावयाचे, चढ सौम्य करावयाचा, की तोच हिशेब डोंगरात लागू पडतो.

तो ज्यांनी लावला त्यांचे काम अकोला-खांडवा या मीटरगेज मार्गावर होते. स्वातंत्र्यानंतर, पंचवार्षिक योजनांच्या आरंभीच्या काळात, खांडवा-हिंगोली हा दुवा बांधला गेला आणि दक्षिणेचे मीटरगेज रूळ उत्तरेच्या रुळांना जोडले गेले. जयपूरहून हैदराबादकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेने अकोल्यास येई. अकोट, हिवरखेड मागे टाकून वाण रोड आले की सातपुडा समोर ठाके; आणि वाण रोड ते धूळघाट यांच्या दरम्यान तो वळसा होता. दार्जिलिंगच्या बातासिया वळशाचे नाव देशभर झाले, आमच्या धूळघाटाचे वऱ्हाडातही फारसे झाले नाही, याचे आम्हांस नेहमी नवल वाटत आले आहे.

तिसरी रीत म्हणजे रूळच अरुंद करणे. चाकांची जोडी एका आसाला घट्ट बसविलेली असते, म्हणून दोन्ही चाके सारखीच फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला अधिक वाट चालावी लागते. पूर्ण फेऱ्यात हा फरक मोठ्या रुळावर सुमारे साडेचौतीस फूट पडतो, दोन फुटी रुळावर साडेबारा फूट. चाकाच्या निमुळतेपणाने थोडी भरपाई होते, उरलेले अंतर चाक घासत काढते. म्हणून वळण आवळावयाचे तर रूळ अरुंद हवा. (अरुंद रूळ म्हणजे डोंगरच, असे मात्र नव्हे. मूर्तिजापूर-यवतमाळची आपली शकुंतला अडीच फुटी होती ती काटकसरीसाठी.)

नेरळ-माथेरानची गाडी दोन फुटी रुळावर चालते. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशाने ती १९०४ ते १९०७ या काळात झाली. चढ विसात एकापर्यंत. सुमारे साडेसातशे मीटर उंची या चढाने गाठावयाची तर निदान पंधरा किलोमीटर रूळ हवा; प्रत्यक्षात तो वीसेक किलोमीटर आहे. गाडी रमतगमत वळणे घेते असे प्रवाशाला वाटते, पण त्यांतले फार थोडे वळण सोडता आले असते. पहिली इंजिने ओरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कारखान्याची. वळणावर त्यांचे आस थोडे सरकू शकत. बोगदा एकच आणि चिमुकला. त्याचे इंग्रजी नाव सभेत उच्चारण्याजोगे नाही. ज्यांना ठाऊक आहे ते हसतीलच.

आणखी एक हिशेब सांगण्याचा मोह होतो. टेबलावरची नेहमीची गाडी खऱ्या गाडीच्या सत्याऐंशीव्या हिश्शाची असते. तिचे अठरा इंचांचे वळण सत्याऐंशी पटीने वाढविले तर १३० फूट होते. एवढे आवळ वळण मोठ्या मार्गावर कुठेच नाही, म्हणून जाणकार त्या खेळण्याला नावे ठेवतात. पण दार्जिलिंगच्या मार्गावरील सर्वांत अवघड वळणाची त्रिज्या सुमारे ६० फूट आहे! तिथे खरी गाडीच खेळण्यापेक्षा अधिक वळते.

धूळघाटाचे पुढे काय झाले, हे सांगितलेच पाहिजे. २०१७ साल उजाडले तेव्हा अकोला-खांडवा मीटरगेज थांबली. रुंद रूळ टाकावयाचा होता आणि जुनी वाट मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जात होती. तोच मार्ग रुंद करावा की जंगलाला वळसा घालावा, यावर बराच वाद झाला. २०२१ साली राज्य शासनाने बाहेरच्या मार्गाचा आग्रह धरला, आणि सोनाळा-जामोद भागातून जाणारा लांबचा रस्ता निवडला गेला. अकोला-अकोट रुंद रुळावर २०२२ पासून गाडी धावते. त्यापुढच्या डोंगरात जुन्या वाटेने ती जाणार नाही. वाघाच्या दृष्टीने हे बरे झाले असे आमचे मत आहे. पण धूळघाट आणि त्यापुढच्या कोरकू गावांना बाजार, दवाखाना, अकोल्याचे कोर्ट, यांसाठी जी स्वस्त गाडी होती ती गेली, आणि नवी वाट त्यांच्या दारावरून जात नाही. त्यांच्या एस. टी.चा प्रश्न या वादात कोणी फारसा काढला नाही. तो काढण्यास अजून उशीर झालेला नाही.