जुन्या खोक्यात नवा स्पीकर

भजनी मंडळाचा किंवा गटाचा स्पीकर आधी खरखरतो, मग ऐन हरिपाठाच्या वेळी मुका होतो. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं, "नवाच घ्या." गटाचे हजारो रुपये काढण्याआधी एवढं बघा. बिघडतो तो आतला स्पीकर. बाहेरचं लाकडी खोकं बहुतेक वेळा धडधाकट असतं. कॉइल किंवा कागदी पडदा बदलून तोच स्पीकर चालेल का, हे आधी विचारा. नसेल आणि त्याच मापाचा मिळत नसेल, तर दुसऱ्या मापाचाही बसतो. काम गावातला सुतार करील, मापं मात्र आपल्याला कळली पाहिजेत.

मुळात खोकं कशाला? स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मध्ये आडोसा नसला तर दोन्ही कडेवरून एकमेकींत मिसळतात आणि जाड आवाज जागच्या जागी विरतो. डग्गा ऐकूच येत नाही, नुसते टाळ वाजतात. म्हणून नव्या स्पीकरभोवती फट राहता कामा नये. काही खोक्यांना मुद्दाम ठेवलेलं भोक असतं, ते मात्र बुजवू नका.

समजा जुना स्पीकर १२ इंची होता, नवा १० इंची मिळाला. हे माप बाहेरच्या कडेचं. बसायचं भोक त्याहून लहान, १२ इंचीला सुमारे ११ इंच, १० इंचीला सुमारे ९ इंच. नेमकं माप स्पीकर हातात घेऊनच काढा. मग १८ मिलिमीटर प्लायवूडचं बांगडीसारखं कडं कापून घ्यायचं: बाहेरून जुन्या स्पीकरएवढं, आतून नव्याच्या भोकाएवढं. कडं खोक्यावर, स्पीकर कड्यावर, आणि दोन्ही सांध्यांत फोमची पट्टी. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आवळली तर सांगाडा वाकतो आणि कॉइल घासते. पेचकस जपून धरा. लोहचुंबक तो ओढून घेतं आणि कागद फाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ओहम. जुन्या स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम लिहिलं असेल तर नवाही ८ चाच घ्या. ८ च्या जोडावर ४ ओहमचा लावला तर अँप्लिफायरमधून जास्त वीज ओढली जाते, तो तापतो, कधी जळतोही. मग खर्च दुप्पट! बऱ्याच अँप्लिफायरला मागे १०० व्होल्टचाही जोड असतो. तो ट्रान्सफॉर्मर असलेल्या भोंग्यांसाठी. आपलं खोकं तिथे लावायचं नाही.

दोन खोकी असतील तर वायरची बाजू तपासा. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, अधिकला अधिक. पडदा बाहेर आला पाहिजे. एकाचा बाहेर, दुसऱ्याचा आत गेला, तर दोघांचा जाड आवाज एकमेकांना मारतो.

लहान स्पीकरवर डग्गा थोडा हलका वाजेल, हे आधीच सांगते. बोलणं आणि गाणं मात्र स्वच्छ येतं.

पहिला अर्धा तास आवाज लहान ठेवा. मग कड्याच्या सांध्याभोवती तळहात फिरवा. वारा लागला, तर स्क्रू सैल करून पट्टी पुन्हा लावा.