राजाच्या पोटातली सात अंडी

चंद्रपुरात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंकडे एक कासव होतं. त्याचं नाव राजा. नाण्याएवढं असताना मेळ्यातून आणलेलं, पुढे बारा वर्षांत जेवणाच्या ताटलीएवढं झालं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं कासव. त्याचा मुक्काम मात्र निळ्या प्लास्टिकच्या टबात आणि खाणं वाळलेली कोळंबी, शिवाय काकूंच्या हातची पोळी. एका सप्टेंबरात काकू दारात आल्या. ‘‘सर, राजा काही खातच नाही जी. रातभर टब खरडत राहते. कोणाची नजर लागली का काय?’’

मला कासवांचं वेड आहे हे गल्लीला ठाऊक आहे. शाळेत भूगोल शिकवता शिकवता हे वेड लागलं आणि निवृत्तीनंतर ते हाताबाहेर गेलं. मी राजाला उचललं. पुढच्या पायांची नखं आखूड होती. या जातीच्या नराची नखं लांब असतात. शेपूटही नरासारखी लांब आणि जाड नव्हती. मागच्या पायापुढच्या खोबणीत बोट घातलं तर आत काहीतरी टणक, गोलसर लागलं. म्हटलं, ‘‘काकू, राजा नाही हो हा. राणी आहे. आणि बाळंतपणाला आली आहे.’’

‘‘काहीतरीच! घरात दुसरं कासव नाही, तर हे कसं?’’

बरोबर होतं त्यांचं. पण कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालते, तशीच कासवीही घालते. अंडी फळत नाहीत एवढंच. गायी-बैलांवर उपचार करण्यात हयात गेलेल्या एका डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढलं. काळ्या फिल्मवर सात पांढरी अंडी, जणू गोट्यांची पिशवी. डॉक्टर म्हणाले, ‘‘पंचवीस वर्षांत पहिली बाळंतीण अशी.’’

घोळ आपल्या भाषेतही आहे. इंग्रजीत जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या कासवाला वेगवेगळे शब्द आहेत. आपण सगळ्यांना ‘कासव’ म्हणतो आणि सगळ्यांना पाण्याच्या टाकीत ठेवतो. पाठीवर पिवळे तारे असलेलं तारा कासव कोरड्या झुडपी रानातलं. ते खोल पाण्यात बुडून मरतं. उलट राजासारख्या पाणकासवाला आपण पाणी देतो, पण जमीन देत नाही. आणि निसर्गाचा नियम असा की कासव तळ्यातलं असो, रानातलं असो की कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर येणारं समुद्रातलं, अंडी ते जमिनीतच घालतं. या नियमाला अपवाद अगदीच विरळ. प्लास्टिकच्या टबात जमीन कुठून येणार? म्हणून राजा रातभर प्लास्टिक खणत होता.

ते खणणं मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. नागभीडकडच्या एका जुन्या मालगुजारी तलावावर पावसाळा सरता सरता गेलो होतो. आपल्या झाडीपट्टीत अशा तलावांत, बोड्यांत आणि धानाच्या बांध्यांत मऊ पाठीचं कासव राहतं. मागचे पाय आत घेऊन वरून कातड्याची झडप लावून घेतं. त्यातली एक मादी संध्याकाळी पाळीवर चढली. दोन जागा तिने हुंगून सोडल्या. एकीकडे मुळं होती, दुसरीकडे मुरूम. तिसऱ्या जागी ती थांबली, तोंड तलावाकडे, आणि मागच्या पायांनी खणू लागली. आधी डावा पाय, मग उजवा, मग पुन्हा डावा. प्रत्येक पाय ओंजळीसारखा वळायचा, माती उचलायचा, बाजूला ठेवायचा. एकदाही मागे वळून पाहणं नाही. माती कोरडी लागली तेव्हा स्वतःच्याच शरीरातलं पाणी सोडून ती भिजवून घेतली. खड्डा सुरईसारखा झाला, तोंड अरुंद आणि पोट रुंद. मग एकेक पांढरं, गोल अंडं खाली गेलं आणि मागच्या पायाने ते हलकेच सरकवून ठेवलं गेलं. शेवटी माती ढकलून, वर पोटाने चोपून ती निघून गेली. मी टॉर्च न लावता ओल्या धुऱ्यावर दोन तास बसलो होतो. डासांनी फोडून काढलं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, ‘‘काय मिळालं?’’ मी म्हटलं, ‘‘एक चांगली सुईण पाहिली.’’

त्या संध्याकाळी मला एक गोष्ट कळली. कासवी चोखंदळ असते. मनासारखी माती मिळेपर्यंत ती अंडी धरून ठेवते. हा तिचा गुणच पाळीव घरात तिच्या जिवावर उठतो. दिवस जातात, आठवडे जातात, आतली अंडी आतच राहतात. त्यात कॅल्शियम कमी पडलं की अंडनलिकेचे स्नायू आकसत नाहीत. कॅल्शियम अंगी लागायला ऊन लागतं आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही, कारण हवे ते किरण काच अडवते. पोळी, भात, दूध खाऊन कवच मऊ पडलेलं, वाढताना कंबरेचं हाड वाकलेलं, त्यातून मूत्राशयात खडा, किंवा एखादं अंडंच वेडंवाकडं, मग वाटच अडते. चंद्रपूरचा उन्हाळा तर ठाऊकच आहे. अंगातलं पाणी आटतं. आणि डिसेंबरात गडचिरोलीकडची थंडी पडली की थंड रक्ताच्या प्राण्याचं सगळंच मंदावतं.

पोटात अंडी दिसली म्हणजे लगेच संकट, असंही नाही. निरोगी मादी अंडी बरेच दिवस बाळगू शकते. अस्वस्थपणा, कोपरे खणणं, भिंतीवर चढू पाहणं, खाणं कमी होणं ही तर वेळ जवळ आल्याची लक्षणं. ती इकडेतिकडे फिरते तोवर तिला माती हवी. ती निपचित पडली, कण्हल्यासारखी जोर लावू लागली, मागचे पाय ओढू लागली, मागून रक्त किंवा दुर्गंधी येणारा स्राव दिसला, की मग त्याच दिवशी डॉक्टर हवा.

आता माती कशी? काळी भेगाळणारी माती एकटी कामाची नाही. तिच्यात रेती मिसळा. मूठ आवळली तर लाडू वळावा, पण पाणी गळू नये. दिवाळीच्या दिवसांत हे माप कोणाला समजावून सांगायला नको. खोली कासवाच्या पाठीच्या लांबीहून अधिक, जागा चारपाच कासवं मावतील एवढी, थोडा भाग उबदार. आणि एकांत. मोबाइल घेऊन भोवती उभे राहिलात तर ती अर्धा खड्डा टाकून उठेल. जमिनीवरच्या कासवाला रोज वीस-तीस मिनिटं कोमट पाण्यात, हनुवटीच्या खाली पाणी राहील असं बसवावं. पाणी पिऊन अंग सैल होतं. जेवणात गवत, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला द्यावा आणि समुद्रफेस जवळ ठेवावा.

आणि करायचं काय नाही, तर पोट दाबायचं नाही. अंडं आत फुटलं तर बलक पोटाच्या पोकळीत पसरतो आणि कासवी मरते. तेल सोडणं, बोट घालणं, इंटरनेटवर वाचून इंजेक्शन देणं हेही नाही. आकुंचन आणणारं ऑक्सिटोसिन कासवांना चांगलं लागू पडतं, पण वाट मोकळी आहे हे चित्रात पाहिल्यावरच. वाट बंद असताना ते दिलं तर नलिका फाटू शकते. म्हणून आधी पाणी आणि ऊब, मग कॅल्शियम, मग ते औषध, हा क्रम डॉक्टरांचा. हे सगळं हरलं तर शस्त्रक्रिया. कधी मागच्या पायापुढच्या मऊ जागेतून, कधी पोटाकडच्या कवचाला करवतीने चौकोनी खिडकी पाडून. अंडी काढल्यावर तोच तुकडा परत बसवून वर राळेचा लेप देतात. हाड सांधायला महिने जातात.

इथे थोडं भरकटू द्या. हा मुलुखच कासवांचा आहे. वरोरा तालुक्यातलं पिसदुरा डायनासोरांच्या शेणाच्या दगडांसाठी जगात ठाऊक आहे. तिथल्याच एका कासवाच्या जीवाश्माचं वर्णन सोहनलाल जैन यांनी १९७७ साली केलं. २०२० साली त्याला जैनांच्याच नावाने नवं शास्त्रीय नाव मिळालं, ‘जैनेमिस पिसदुरेन्सिस’. मराठी गावाचं नाव एका कासवाच्या पाठीवर! खाली सिरोंचाजवळ कोटा गाव आहे. त्याच्या नावाच्या खडकथरातून, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, भारतातलं पहिलं ज्युरासिक कासव मिळालं, ‘इंडोकेलिस’. त्याचं वर्णन २००० साली छापून आलं. आणि नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेली, त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापलेली गोंडांची लिंगोची कथा घ्या. पुराच्या नदीत मगर दगा देते आणि कासव गोंडांना तारून नेतं. तेव्हापासून कासवाला न मारण्याची आण. ज्या मातीत ही आण घेतली गेली, तिथेच आज ‘वीस नखी’ कासवाने पैशाचा पाऊस पडतो म्हणून त्याला पोत्यात घालून फिरवतात. वास्तूसाठी हौदात सोडतात ते वेगळंच.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तळ्यातलं मऊ पाठीचं कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तारा कासवही तिथे आलं आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ सालीच बंदी आली. ही दोन्ही कासवं पाळणं म्हणजे गुन्हा.

आणि या कायद्याची दुसरी बाजू मी पाहिली आहे. एका घरात तारा कासवी होती. खाणं सोडून तिला तीन आठवडे झाले होते. डॉक्टरकडे न्यावं तर पकडले जाऊ, वन खात्याला द्यावं तर काय होईल, म्हणून घरच्यांनी तिला पलंगाखाली ठेवलं. मला बोलावलं तेव्हा तिचे मागचे पाय हलत नव्हते. रात्रीच ती गेली. कायदा चुकीचा नव्हता आणि माणसंही वाईट नव्हती. लपवण्यात जे दिवस गेले, त्यांनी तिचा जीव घेतला. मी त्यांना त्याच संध्याकाळी वन खात्याला फोन करायला लावला नाही, हे माझंही पाप. याउलट, जप्त झालेली आणि लोकांनी आणून दिलेली शेकडो तारा कासवं पुण्याच्या ‘रेस्क्यू’ संस्थेने तपासून, सांभाळून, वन विभागाबरोबर आमच्याच चंद्रपूरच्या जंगलात पुन्हा मोकळी केली आहेत. परतीची वाट आहे, पण ती पलंगाखालून जात नाही. आणि आपल्या मनाने रामाळा तलावात किंवा इरई नदीत नेऊन सोडणं ही तर मुळीच वाट नव्हे. राजासारखं परदेशी कासव तिथल्या आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावतं, सोबत रोगही नेतं.

राजाचं काय झालं? काकूंच्या परसात रेतीमातीचा वाफा केला, भोवती विटा लावल्या. डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला राजा खणू लागला. डावा पाय, उजवा पाय. बारा वर्षं मातीला न लागलेल्या पायांना ते कोणी शिकवलं नव्हतं. पाच अंडी त्या रात्री आली. उरलेल्या दोन अंड्यांसाठी डॉक्टरांनी पुन्हा चित्र काढलं, वाट मोकळी पाहिली आणि औषध दिलं. पोट रिकामं झाल्याचं तिसरं चित्र पाहिल्यावरच काकूंनी देवापुढे साखर ठेवली. पिल्लं होणार नाहीत हे सांगूनही त्यांनी अंडी महिनाभर वाफ्यात राहू दिली.

राजा आता राणी आहे आणि वाफा कायमचा आहे. नवं कासव आणू नका. घरात आधीच परदेशी कासव असेल, तर आज वाफा करा. देशी कासव असेल, तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा, आणि त्याने खाणं सोडायच्या आधी फिरवा.