बोक्याचे पथ्य
आमचा बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसू लागला, तेव्हा बद्धकोष्ठ असेल असे समजून आम्ही अख्खा दिवस घालवला. खरे तर लघवी तुंबली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद. तो पूर्ण बंद झाला तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी नळी घालून तो मोकळा केला. खडे स्ट्रुव्हाइटचे निघाले, म्हणून कमी मॅग्नेशियमचे, लघवी आम्लधर्मी ठेवणारे खाद्य दिले. त्याने हे खडे काही आठवड्यांत विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. अट एकच, दुसरे काही द्यायचे नाही. आणि आमच्या अम्मी दस्तरखानावरून सुकटीची चिमूट टाकतच होत्या! ‘मुक्या जिवाला तरसवता?’ आता त्याच पथ्याचे ओले खाद्य, वर थोडे कोमट पाणी. अम्मीच वाढतात.